काही सुचेना तेव्हाचं ताट

माळकऱ्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली की मटण-मासळी सुटली, हे बुलडाणा जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेगाव याच जिल्ह्यातलं. दरवर्षी पंढरीची पालखी तिथून निघते. आपल्या घरात तुळस असते ती वृंदावनात. नैवेद्यावर तिचं एक पान ठेवायचं, सर्दी-खोकल्याला काढ्यात चार टाकायची, कार्तिकात तिचं लग्न लावायचं. तुळशीची भाजी करतात असं कुणी म्हटलं, तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडं बघेल.

२०२४ च्या आश्विनात आमचा बारा-पंधरा जणांचा गट बँकॉकला गेला होता. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना थायलंडचा व्हिसा लागेनासा झाला, आणि २०२४ मध्ये भारतातून सुमारे २१ लाख माणसं तिकडं जाऊन आली, त्यातलेच आम्ही. गटात चिखलीकडचे एक माळकरी काका होते. सोयाबीन सोंगणीला आलेलं, पण मुलानं परस्पर तिकीट काढून दिल्यामुळं त्यांना यावं लागलं होतं. रोज संध्याकाळी ते घरी फोन लावून शेतातली खबर घ्यायचे. पहिल्याच दुपारी एका गल्लीतल्या टपरीसमोर ते थबकले. बाईनं कढईत तेल कडकडीत तापवलं होतं. त्यात ठेचलेला लसूण-मिरची पडली, ठसका उठला, मग खिमा, वरून दोन-तीन काळे सॉस, आणि शेवटी मूठ-दोन मुठी हिरवी पानं. बाजूच्या टोपलीतलं एक पान काकांनी उचललं, चुरगळलं, नाकाला लावलं.

"हे तं तुळस हाय ना, बाप्पा!"

होय, तुळसच. थाई लोक तिला 'कफ्राव' म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं ती आणि आपल्या अंगणातली तुळस एकाच जातीची. थाई स्वयंपाकात तिच्या आणखी दोन बहिणी आहेत. 'होरफा' बडीशेपेच्या वासाची, रश्श्यात पडणारी. 'मेंगलक' लिंबाच्या वासाची. तिचं बी पाण्यात फुगवून सरबतात घालतात, आपल्या सब्जासारखं. पण रोजच्या पोटाची खरी धनीण कफ्राव. खिमा, तुळस, शेजारी भाताचा ढीग, त्यावर कडा कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं: या ताटाला 'फत कफ्राव' म्हणतात आणि ते ५०-६० बाटांत मिळतं. थाई लोकांनी त्याला चेष्टेनं एक नाव ठेवलं आहे, 'आहान सिन खित'. 'आहान' म्हणजे आपला आहार. 'सिन खित' म्हणजे विचार संपला. टपरीवर गेलं, काय मागवावं सुचेना, मागं रांग लागलेली, की तोंडातून आपोआप जे निघतं ते हे ताट.

इंग्रजीत ज्याला कम्फर्ट फूड म्हणतात त्याची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही. आजीच्या हातचं, लहानपणीचं वगैरे सगळं खरं. पण मुळात ते असं अन्न की ज्याचा विचार करावा लागत नाही. पावसात भिजून घरी आल्यावर पिठलं टाकू का, असं बुलडाण्यात कुणी विचारत नाही. पिठलं टाकलेलंच असतं.

गंमत अशी की जे खाणाऱ्याला विचार न करता सुचतं, तेच परक्याला सर्वांत जड जातं. हॉटेलातला मेन्यू पाहुण्यासाठी लिहिलेला असतो, त्यात वर्णन असतं, फोटो असतात. टपरीवर काहीच नसतं, कारण येणाऱ्याला सगळं पाठ असतं. आणि परक्या जेवणात आपण अडतो ते जिन्नसांपाशी, असा आपला समज असतो. थाई ताटात बुलडाण्याच्या माणसाला न ओळखता येणारे जिन्नस फार थोडे निघतील. तुळस, शेंगदाणे, चिंच, साबुदाणा, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर. कोथिंबिरीचं तर आपण जे मूळ उकिरड्यावर टाकतो, ते तिथं लसूण आणि मिऱ्याबरोबर कुटून अर्ध्या स्वयंपाकाचा पाया घालतात. या त्रिकुटाला ते 'तीन सवंगडी' म्हणतात. कडुलिंबसुद्धा आहे. गुढीपाडव्याला आपण त्याची पानं गुळाबरोबर चघळतो. ते हिवाळ्यात त्याचे कोवळे तुरे उकडून चिंच-साखरेच्या गोड चटणीत बुडवून खातात. जिन्नस आपले, पण कोण कुणाशेजारी बसलं आहे ते सगळं वेगळं. लग्नाच्या पंगतीत शिरावं, सगळे चेहरे ओळखीचे असावेत आणि नाती मात्र भलतीच निघावीत, तसं.

नाती उलगडायची तर एका वऱ्हाडी शब्दापासून सुरुवात करावी: कोरड्यास. भाकरी हे जेवण. तिच्यासोबत जे काही असेल, वरण, पिठलं, भाजी, नुसता ठेचा, ते कोरड्यास. भाकरी मुख्य, बाकी तिच्या आश्रयाला. थाईत याला हुबेहूब शब्द आहे, 'कप खाव', म्हणजे 'भातासोबतचं'. 'किन खाव' म्हणजे भात खाणं, आणि जेवणं या क्रियेला शब्दही तोच. भेटल्यावर विचारतात, 'किन खाव रू यांग?', भात खाल्ला का? आपल्या गावात पारावरचा म्हातारा "जेवन झालं काय?" असं विचारतो, तेव्हा त्याला जशी उत्तराची फारशी फिकीर नसते, तशीच त्यांनाही नसते.

एवढं लक्षात आलं की थाई तिखट-खारट का इतकं टोकाचं असतं ते कळतं. नुसता ठेचा चमचाभर खाल्ला तर कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल. ठेचा नुसता खाण्यासाठी नसतोच, तो भाकरीसाठी असतो. थाई कालवणही असंच भाताच्या हिशेबानं बांधलेलं. आपले पर्यटक काय करतात? वाटी ओढून आधी चमच्यानं रस्सा पितात, सूप समजून, आणि मग म्हणतात, फार खारट आहे बुवा. आणखी एक अडचण पश्चिम विदर्भाची खास. आपल्याकडं रोजचं अन्न ज्वारीचं. भात जुन्या काळी सणाला किंवा पाहुणा आला तर. तीन वेळा भात म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी काका म्हणालेच, पोट भरते, पण जेवल्यासारखं वाटत नाही.

त्यावर उपाय बँकॉकमध्येच आहे, फक्त तो ईशान्येकडून आलेला आहे. थायलंडच्या ईशान्य भागाला 'इसान' म्हणतात, आणि हा शब्द संस्कृत 'ईशान' वरूनच गेलेला. देशातली जवळजवळ तिसरा हिस्सा माणसं या पठारावर राहतात. रेताड जमीन, पावसाच्या भरवशावरची शेती, हाती पैसा कमी, म्हणून तरुण पोरं बँकॉकला टॅक्सी चालवायला आणि बांधकामावर जातात. वऱ्हाडातल्या माणसाला हे चित्र अनोळखी वाटायचं कारण नाही. ही माणसं शहरात आली ती आपलं खाणं घेऊन, आणि आज बँकॉकच्या चौकाचौकांत इसानी गाड्या आहेत.

इसानचा भात चिकट असतो. तो पाण्यात शिजवत नाहीत. रात्रभर भिजवून बांबूच्या टोपलीत वाफवतात. चमच्याला तो दाद देत नाही. उजव्या हातानं एक गोळा तोडायचा, बोटांनी दाबायचा, चटणीत बुडवायचा आणि तोंडात टाकायचा. हात आपोआप भाकरीचा घास मोडतो तसा चालायला लागतो. बँकॉकची रीत उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा आणि काट्यानं चमच्यात लोटायचं अशी. चॉपस्टिक्स फक्त शेवयांना. इसानी टोपलीसमोर ही सगळी कसरत संपते.

आणि तिथं ठेचा असतो. खरं सांगायचं तर 'नाम फ्रिक नुम' हा उत्तरेकडच्या चिआंग माईचा, पण चिकट भात तिथलाही रोजचा. हिरव्या लांब मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे निखाऱ्यावर काळे होईस्तोवर भाजायचे, साल काढायची, खलात कुटायचं, मीठ. आपण तव्यावर मिरच्या भाजतो आणि तांब्याच्या बुडानं तिथंच रगडतो. फरक आहे तो कांद्याचा आणि कधी कधी पडणाऱ्या मासळीच्या सॉसचा.

इसानची खरी ओळख मात्र 'सोम तम'. कच्च्या पपईचा कीस, चवळीच्या शेंगांचे तुकडे, टोमॅटो, भाजके शेंगदाणे, लिंबू, ताडगूळ, मिरची, वाळलेले झिंगे. झिंगे आपल्याला नवे नाहीत, आठवडी बाजारात सुकटीच्या ढिगाशेजारी ते असतातच. हे सगळं मातीच्या उंच खलात लाकडी बत्त्यानं हलकेच कुटतात. रश्श्याच्या वाटणाचा खल दगडी असतो. इथं मातीचा, कारण पपईचा चेंदा करायचा नसतो, तिला जखमा करायच्या असतात, म्हणजे रस आत शिरतो. एका हातात बत्ता, दुसऱ्या हातातल्या चमच्यानं खालचं वर. बाई कुटायच्या आधी एकच प्रश्न विचारते: मिरच्या किती? उत्तर आकड्यात द्यायचं. आमच्यातल्या एका मेहकरच्या तरुणानं, आपण ठेचा खाणारे, या तोऱ्यात दहा बोटं दाखवली. तिथली बारकी मिरची 'फ्रिक खी नू', म्हणजे उंदराच्या लेंडीएवढी. आपल्या लवंगीची जहाल मावसबहीण. पुढचा अर्धा तास तो बर्फ चघळत होता. दोन पुरतात.

आता या खलात डोकावून हिशेब मांडला तर पपई अमेरिकेतली, शेंगदाणा अमेरिकेतला, टोमॅटो अमेरिकेतला, मिरचीही तिथलीच. आफोंसो द आल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५११ मध्ये मलाक्का. त्याच वर्षी त्याचा दूत सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाकडं आयुथ्थयेला पोचला. मिरची दोन्हीकडं पसरली ती त्याच शतकात, याच पोर्तुगीज समुद्रवाटांनी. तिच्या आधी दोन्हीकडं तिखट म्हणजे मिरी. नवी आली तिला आपण मिऱ्यावरून मिरची म्हटलं. थाई लोकांनी उलटी चलाखी केली: 'फ्रिक' हे मिऱ्याचं नाव उचलून नवीला दिलं, आणि बिचाऱ्या मिऱ्याला वेगळं ओळखावं म्हणून 'फ्रिक थाय', म्हणजे थाई मिरची, म्हणायला लागले. म्हणजे आपला ठेचा आणि त्यांचा सोम तम, दोन्ही पाचशे वर्षांच्या आतले. परंपरा म्हणून आपण ज्यासाठी भांडतो त्यातलं पुष्कळसं असंच जहाजातून उतरलेलं असतं.

साबुदाण्याची गोष्ट याहून चमत्कारिक. कसाव्याचा कंद दक्षिण अमेरिकेतला, त्यापासून आपला साबुदाणा बनतो तमिळनाडूतल्या सेलमकडं, आणि कसाव्याच्या पिठाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार थायलंड. आपण साबुदाणा आणि शेंगदाण्याचा कूट एकत्र केला की एकादशी झाली. थाई लोकही साबुदाणा आणि शेंगदाणे एकत्र आणतात. साबुदाणा मळून त्याची पारी करतात, आत शेंगदाण्याचा कूट, ताडगूळ आणि डुकराचा खिमा भरून गोळे वाफवतात. 'साखू साय मू'. दिसायला मोदकाच्या धाकट्या भावासारखे, चकचकीत, पारदर्शक. आपल्या उपासाची जोडी आणि त्यांची चार वाजताची खाऊगल्ली, दोन्हीकडं घटक तेच. हे मी काकांना सांगितलं नाही.

सकाळी सहाला बँकॉकमध्ये मोठ्या पातेल्यांतून वाफ निघत असते. ते 'चोक': तुकडा तांदूळ घोटून घोटून केलेली दाट पेज, वर आल्याच्या बारीक काड्या, कांद्याची पात, कच्चं फोडलेलं अंडं. तान्ह्या पोराला, आजाऱ्याला, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला, सगळ्यांना हेच. चिनी स्थलांतरितांनी आणलं, आता कुणाला ते परकं वाटत नाही. मोडलेलं धान्य मऊ शिजवून घशाखाली उतरवायचं, ही कल्पना आपल्याकडं कण्यांची. ज्वारी भरडून त्याच्या कण्या, वर ताक, लोणच्याचा खार. चोक समोर आलं की मी वास न घेता आधी स्पर्शाला शरण जातो. जीभ चव शिकायला वेळ लावते, मऊपणा मात्र तिला लगेच कळतो. थाई जेवणाशी पहिली ओळख रात्रीच्या हॉटेलापेक्षा सकाळच्या पातेल्यापाशी करावी, असं माझं मत झालं आहे.

पण पुण्या-मुंबईच्या थाई रेस्टॉरंटात चोक सहसा दिसत नाही. तिथं हिरवी करी, लाल करी, तोम यम आणि पॅड थाय. ही निवड आपसूक झालेली नाही. १९३९ मध्ये सयामचं नाव थायलंड करणाऱ्या पंतप्रधान फिबून सोंगख्रामच्या सरकारनं त्याच काळात शेवयांचा प्रचार चालवला. युद्धकाळातल्या तांदळाच्या टंचाईची त्यात भर पडली, आणि मूळ चिनी पद्धतीच्या परतलेल्या शेवयांच्या पदार्थाला राष्ट्राचं नाव मिळालं: पॅड थाय. २००२ मध्ये थाई सरकारनं 'ग्लोबल थाय' मोहीम काढली. तेव्हा परदेशात साडेपाच हजारांच्या आसपास थाई रेस्टॉरंटं होती. दहा वर्षांच्या आत ती दहा हजारांवर गेली. अशा मोहिमेत देश आपला चांगला सदरा घालून जातो, घरातली बंडी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेलं तेही तोम यम कुंग, तुळशीचं ताट नव्हे.

सरकारनं ताटात हात घालणं आपल्यालाही नवं नाही. १९९५ मध्ये युतीच्या सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर आणली, २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. फरक एवढाच, की आपण घरचं अन्न स्वस्त करून स्वतःच्याच माणसांना दिलं. बाहेर पाठवायचं आपल्याला सुचलं नाही. बुलडाण्यातून बाहेर गेलं ते एकच नाव, शेगाव कचोरी, आणि ती सरकारनं नव्हे, रेल्वेनं नेली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनावर ती विकायला सुरुवात केली. मुगाच्या डाळीचं सारण, चपटी, सोबत तळलेली हिरवी मिरची. नागपूर-मुंबई गाड्यांतल्या प्रवाशांनी ती उचलली. आज आमच्याकडचा कुणी परगावी निघाला की नातेवाईक कचोरीचा पुडा मागतात, आणि ती मुळात एका निर्वासिताच्या हातची हे कुणाच्या मनातही येत नाही. पिठलं-भाकरी मात्र गावातच राहिली: गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला, अंबाडीच्या भाजीबरोबर.

राहता राहिला माळकऱ्याच्या जेवणाचा प्रश्न, आणि तो किरकोळ नाही. थाई स्वयंपाकात मीठ म्हणजे बहुधा 'नाम प्ला', मासळी आणि मीठ महिनोन्‌महिने मुरवून गाळलेलं पाणी. आणि रश्श्याच्या वाटणात 'कपि', म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा. म्हणून वर भाज्याच दिसणारी हिरवी करी आतून शाकाहारी असेलच असं नाही. 'मंगसविरत' म्हणावं, शब्द आपलाच आहे, मांसविरती. पण त्यात अंडं चालतं. त्याहून कडक शब्द 'चे'. चिनी-थाई लोकांचं हे व्रत: मांस नाही, मासा नाही, अंडं-दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. दुकानावर पिवळा झेंडा, त्यावर लाल अक्षरं. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत हे झेंडे गल्लोगल्ली लागतात, आणि हे नऊ दिवस बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रावरच येतात. आम्ही गेलो त्या वर्षी दोन्ही ३ ऑक्टोबरलाच सुरू झाले होते.

तर आम्ही काकांना याओवारात या चिनी वस्तीत पिवळ्या झेंड्याखाली बसवलं. दुकानाच्या नावात शेवटी 'फोचना' होतं, म्हणजे भोजन. हे ऐकून त्यांचा जीव थोडा थाऱ्यावर आला. ताट आलं: भात, परतलेली पालेभाजी, आळंबी, आणि पांढऱ्या मऊ वड्या, बाहेरून तांबूस तळलेल्या, काळ्या सॉसमध्ये. काकांनी एक वडी खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी खाताना विचारलं, हे पनीर व्हय काय?

मी सांगितलं, सोयाबीन. दाणे भिजवून, वाटून, दूध काढून ते फाडतात, त्याच्या वड्या. आणि तो काळा सॉसही सोयाबीनचाच, आंबवलेला.

काकांच्या घरी वीस वर्षं सोयाबीन पिकत होतं. ते पोत्यात भरून मार्केट यार्डात जातं, तेल निघतं, पेंड कोंबड्यांना. त्या वर्षी हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजारात त्याहून कमीच मिळत होता. आदल्या रात्रीच्या फोनमध्ये तेवढंच बोलणं झालं होतं. ज्या दाण्यावर घर चाललं, तो दाणा तोंडात घालण्याची वेळ इथं आली होती.

ते काही वेळ वडीकडं बघत राहिले. मग चमचा ठेवला आणि मालकाकडं बोट दाखवून मला म्हणाले, "भाऊ, त्याले विचार बरं. सोयाबीनले इथं काय भाव हाय?"